घरचं माणूस मैदानावर

शनिवार उजाडला की मला घरात बसवत नसे. आत्याबाई चुलीपुढं भाकरी थापत असायची, अंगणात मामाजी बैलांना पाणी दाखवत असायचे, आणि मी उंबऱ्यात उभा राहून समोरच्या कडुनिंबाच्या शेंड्याकडं बघत असायचो. शेंडा हलतो का, हलला तर कोणत्या अंगाला, हे पाहिल्याशिवाय चहा घशाखाली उतरत नसे. आत्याबाई म्हणायची, “पोट्टं आभाळाकडं पाहून चाय पेते, पावसाची वाट पाह्यणारा बरा.” कपातला चहा सांडायचा, पायावर पडायचा, तरी मला कळायचं नाही. आज या वयातही सकाळी गच्चीवर गेलो की पहिली नजर शेजारच्या झाडावर जाते. आता कुठं जायचं नसतं, पण नजरेला ते कोणी सांगितलेलं नाही.

आमचं मूळ गाव दुसरबीड. वडिलांची थोडी शेती, आम्ही भावंडं पुष्कळ. मला शिकायची आवड दिसली म्हणून वडिलांनी लहानपणीच मला जानेफळला, त्यांच्या बहिणीकडं ठेवलं. आत्याबाईला मूल नव्हतं. तिच्या यजमानांना आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणं मी मामाजी म्हणायचो. मामाजी कमी बोलणारे. दिवसाकाठी त्यांची चार वाक्यं झाली तर त्यातली दोन बैलांशी असत. आत्याबाईच्या बोलण्याला मात्र खळ नसे. जातं ओढताना, दूध तापवताना, न्हाणीत भांडी घासताना तिचा आवाज घरभर फिरत राहायचा. त्या आवाजात मी पाढे पाठ केले, मॅट्रिक झालो, कॉलेजच्या गावी जाऊन बी.एस्सी. होऊन परत आलो. आमच्या सगळ्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. हे मी मोठेपणासाठी सांगत नाही. त्या पदवीमागं त्या चुलीवरच्या किती भाकरी होत्या हे मला ठाऊक आहे, म्हणून सांगतो.

महाराष्ट्र नुकताच झाला होता, आणि जिथं तिथं काही ना काही नवं सुरू होत होतं. आमच्याकडं ग्लायडिंग क्लब सुरू झाला. क्लब म्हणजे काय, तर एका मोठ्या क्लबाकडून हंगामापुरतं मागून आणलेलं दोन माणसांचं ग्लायडर, लॉरीच्या जुन्या इंजिनावर बसवलेली विंच, पत्र्याची एक लांबट शेड, आणि कानडे साहेब. कानडे साहेब मूळचे पुण्याचे. विमानदलातून निवृत्त होऊन मेहकरला मुलीकडं राहायला आले आणि दोन महिन्यांत कंटाळले. आमच्या जानेफळबाहेरचं ई-क्लासचं रान, म्हणजे गावच्या गुरांसाठी राखलेली सरकारी पड जमीन, त्यांनी बसमधून पाहिलं आणि तिथंच उतरले, असं सांगतात. सपाट, लांबच लांब, मधे झाड नाही. गावानं जागा दिली ती एका अटीवर. संध्याकाळी गावचं गोहन, म्हणजे सगळ्यांच्या गाईगुरांचा कळप, त्या रानातूनच घरी परतत असे. गोहनाची धूळ दिसली की ग्लायडर जमिनीवर असलं पाहिजे. साहेबांनी मान्य केलं, आणि सबंध हंगामात ही अट एकदाही मोडली नाही.

ग्लायडरला इंजिन नसतं. मैदानाच्या एका टोकाला ग्लायडर, दुसऱ्या टोकाला विंच, मधे लोखंडी तारेचा लांब दोर. विंच भराभर दोर गुंडाळते, त्या ओढीनं ग्लायडर पतंगासारखं वर चढतं, आणि पुरेसं वर गेलं की चालवणारा आतली मूठ ओढून दोर सोडून देतो. पुढं सगळा कारभार वाऱ्याचा. खाली पडलेला दोर परत आणायचं काम बैलजोडीचं. गावातल्या घरांनी पाळी लावून घेतली होती, आज याची जोडी, उद्या त्याची. बैल त्यांच्या चालीनं जायचे, त्यांच्या चालीनं यायचे. एकानं उडायचं तर बाकीच्यांनी ढकलायचं, पंख धरायचा, निशाण दाखवायचं, दोर तपासायचा. चार मिनिटं वर आणि बाकीचा सबंध दिवस खाली. मी गवताची काडी तोडायचो, चावायचो, टाकायचो, दुसरी तोडायचो. आमचा विंचवाला रहीमभाई मेहकरच्या गॅरेजातला मिस्त्री होता. तो म्हणायचा, “रामकिसन, तू इतकी गवत खाके रह्या की गोहनला काही ठेवशील की नाही?”

त्या वेळी माझ्यासमोर एकच गोष्ट होती. ग्लायडर दसऱ्यानंतर परत जाणार होतं, आणि मला संग्रामपूरला शाळेत शिक्षकाची नोकरी लागली होती. सातपुड्याच्या पायथ्याशी, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. सोमवारी ट्रक येऊन ग्लायडर घेऊन जाणार, मंगळवारी मी एस.टी.नं जाणार. म्हणजे एकट्यानं उडायचं असेल तर या शनिवारी किंवा रविवारी. नाही तर नाही.

एकट्यानं उडायला कानडे साहेबांचा एक नियम होता. तो कुठल्या पुस्तकात नव्हता, त्यांचा स्वतःचा होता. ज्याचं पहिलं एकटं उड्डाण असेल त्याच्या घरचं एक वडील माणूस मैदानावर हजर हवं. त्या माणसानं साहेबांना तोंडानं ‘जाऊ द्या’ म्हणायचं, मगच दोर अडकवायचा. पहिल्या दिवशीच त्यांनी आम्हाला सांगून ठेवलं होतं, “काही झालं तर सायकलवर बसून तुमच्या घरी निरोप घेऊन जाणं मला जमणार नाही. ज्यांना यायचंय त्यांनी आधीच यावं.” आम्ही हसलो होतो. साहेब हसले नव्हते.

शनिवारी मधुकर तायड्याचा नंबर लागला. मधुकर माझ्याच वर्गातला, शाळेपासूनचा. त्याचे आजोबा धोतर, टोपी, हातात काठी असे येऊन बाभळीखाली पोतं अंथरून बसले. साहेबांनी विचारलं, “जाऊ द्यायचं का नातवाला?” आजोबा म्हणाले, “गेला तं जाऊ द्या, घरी तरी काय करते?” मधुकर गेला, वर एक गिरकी घेतली, नीट उतरला. आजोबांनी विचारलं, “आला काय खाली? मंग झालं तं.” पोतं झटकून ते घरी गेले. मधुकर दिवसभर छाती काढून फिरला. माझ्याजवळ येऊन म्हणाला, “काय बे, तुही आत्याबाई येते का बैलगाडी पाठवू?”

त्या दिवशी साहेबांनी मला दोनदा सोबत घेतलं. दुसऱ्या खेपेला वर गेल्यावर मागच्या बाकावरून त्यांचा हात पुढं आला आणि वेगाच्या काट्यावर त्यांनी रुमाल टाकला. ही त्यांची नेहमीची परीक्षा. ग्लायडर फार सावकाश गेलं की हवा त्याला धरत नाही, नाक टाकून ते खाली कोसळतं. फार वेगात गेलं तर पंखांवर ताण येतो. काटा ते सांगतो. पण साहेबांचं म्हणणं, काटा तुमच्यानंतर आला, वारा आधीपासून आहे. आमचं ग्लायडर वरून उघडं, वारा तोंडावर येई आणि पंखाच्या तारांतून शीळ वाजे. “किती?” साहेबांनी विचारलं. मी म्हणालो, “चाळीस.” रुमाल निघाला. काटा पन्नासच्या पुढं होता. “रामकृष्ण, तुमचे कान आज घरी राहिलेत का?” उतरल्यावर ते टोपी काढून, घाम पुसून म्हणाले, “उद्या एकटे. कोण येणार आहे घरून?”

वडिलांना दुसरबीडहून बोलवायला वेळ नव्हता. मामाजींनी आत्याबाईला विचारल्याशिवाय आजवर ‘हो’ म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. राहिली आत्याबाई, आणि ग्लायडरचं नाव काढलं की तिच्या कपाळावर आठी पडे. ती मैदानाकडं एकदाही फिरकली नव्हती. मी साहेबांसोबत उडतो हे तिला माहीत होतं, पण ती ते माहीत नसल्यासारखी वागे. संध्याकाळी मी घरी गेलो तेव्हा ती ओसरीवर अंबाडीची भाजी निवडत बसली होती. मामाजी दोरीला पीळ देत होते. मी तिच्यापुढं बसलो आणि न सांगताच भाजी निवडायला लागलो.

“काय पाह्यजे?” ती म्हणाली.

“काही नाही. उद्या तू मैदानावर येशीन काय?”

“काऊन? उद्याच्या पंगतीचे रोडगे तं गावातल्या बाया करूनच राह्यल्या.”

“रोडग्यासाठी नाही. उद्या मी एकटा जाऊन राह्यलो.”

“कुठी?”

“वरतं.”

तिचा हात थांबला. “तो म्हातारा सायेब?”

“तो खालीच राह्यते.”

“आन् इंजन?”

“ते तं कधीच नव्हतं.”

“म्हंजे खालून कोनी धरत नाही, आतून कोनी हाकत नाही. अन् तुया बापाले काय सांगू मी? तुयं पोट्टं शिकवलं, बी.एस्सी. केलं, आन् मंग वाऱ्यावर सोडलं?”

मामाजी दोरीकडं बघतच म्हणाले, “अवं, जाय ना पाह्याले.”

“तुमी गुमान बसा.”

मामाजी गुमान बसले. मी साहेबांचा नियम सांगितला. घरचं माणूस लागतं, त्यानं तोंडानं म्हणावं लागतं. आत्याबाईनं विचारलं, “मी नाही आलो तं?” आमच्याकडं बायकाही ‘आलो, गेलो’च म्हणतात. मी म्हणालो, “तं नाही उडत.” “मंग कधी?” “कधीच नाही. परवा ते जाते, अन् नेरवा मी.” ती भाजीचं सूप उचलून आत गेली. जेवताना ताटात अंबाडीची भाजी, कळण्याची भाकर आणि ठेचा होता, माझा सगळ्यात आवडता बेत. मी नुसता घास मोडत बसलो. तिनं विचारलंही नाही. ज्या घरात बोलणं कधी थांबत नसे, तिथं त्या संध्याकाळी फक्त गोठ्यातल्या घंटा वाजत होत्या. माझ्या आयुष्यात पुढं पुष्कळ मुलाखती झाल्या, परीक्षा झाल्या, पण त्या जेवणासारखी तगमग पुन्हा नाही झाली.

सकाळी उठलो तर चुलीपाशी आत्याबाई नव्हती. ती देवघरापुढं बसून एका वाटीत लोणी आणि हळद कालवत होती. दुसऱ्या वाटीत लोण्यात मळलेलं कुंकू होतं. तिनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं. माझ्याकडं न बघता म्हणाली, “पोळ्याले बैलाची पूजा करतो, दसऱ्याले नांगराची करतो. ज्याच्यात आपलं पोट्टं बसते त्याची काऊन नाही? पूजा झाल्याबिगर मी काही म्हननार नाही. सांग तुया सायबाले.” मी धावतच मैदानावर गेलो. साहेब ग्लायडरभोवती फिरून रोजची तपासणी करत होते. पंखांचे खिळे, तारा, शेपूट, सगळं हात लावून. पूजेचं सांगितलं तर मला वाटलं ते नाही म्हणतील. ते म्हणाले, “नियम मी केला. आता त्या त्यांचा करताहेत. ठीक आहे.”

तो क्लबाचा शेवटचा रविवार, म्हणून गावानं रोडग्यांची पंगत ठेवली होती. सकाळपासून गोवऱ्यांचा आहार, म्हणजे निखाऱ्यांचा ढीग, पेटला होता. कणकेचे गोळे त्या निखाऱ्यात पुरून भाजायचे, बाहेर काढून झटकायचे, तुपात बुडवायचे, आणि वरण आणि वांग्याच्या भाजीशी खायचे. धूर वर चढून एका बाजूला कलत होता आणि माझा डोळा त्यावरच होता. दहाच्या सुमाराला तो दुसऱ्या बाजूला कलला. वारा फिरला. म्हणजे विंच इकडची तिकडं न्यायची, ग्लायडर तिकडचं इकडं आणायचं. रहीमभाई शिव्या घालत विंच सोडवायला लागला, बैल आले, माणसं आली. अर्धा दिवस त्यात गेला. मी सगळ्यांपेक्षा जास्त ढकललं. मधुकर म्हणाला, “अबे सावकाश, विंच उडायची नाही.” पंगत बसली तेव्हा माझ्या पत्रावळीवर रोडगा तसाच राहिला. शेजारचा म्हातारा म्हणाला, “तुले नको असन तं इकडं सरकव,” आणि मी सरकवला.

दुपार कलली तेव्हा मामाजींची दमणी, म्हणजे हलकी बैलगाडी, आली. आत्याबाई खाली उतरली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि सरळ ग्लायडरकडं चालत गेली. इतके महिने न पाहिलेल्या त्या वस्तूभोवती तिनं एक चक्कर मारली. सगळं गाव गोळा झालं होतं. तिनं साहेबांना विचारलं, “ह्याचे खांदे कुठी हायेत?”

साहेबांनी पंख जिथं अंगाला जोडलेले असतात ती जागा दाखवली. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्याला चोळतात तसं तिनं दोन्हीकडं हळद-लोणी चोळलं. घाईनं नाही, बोटं फिरवून फिरवून, खांदा दुखत असेल तर बरा व्हावा असं.

“आन् नाक?”

साहेब वाकले. ग्लायडरच्या अगदी तोंडाशी बोटाएवढी एक नळी पुढं आलेली असते. “हे नाक म्हणा. इथून हवा आत जाते,” ते म्हणाले. तेवढ्यात विंचेकडून रहीमभाईनं निशाण हलवलं म्हणून ते तिकडं वळले. आत्याबाईनं अंगठ्यावर कुंकू घेतलं आणि त्या नाकावर दाबून टिळा लावला. मग नारळ फोडला, पाणी जमिनीवर सोडलं. साहेब टोपी हातात घेऊन उभे होते. त्यांनी विचारलं, “जाऊ द्यायचं का?” तिनं माझ्याकडं पाहिलं. माझी नजर नेमकी तेव्हा धुराकडं होती.

“जाऊ द्या,” ती म्हणाली. “इथं ठेवलं तरी कुठी इथं हाये तो?”

मी बसलो. पट्टे बांधले. मागचं बाक रिकामं होतं, आणि मला मान वळवून ते पाहावंसं वाटेना. मधुकरनं पंख उचलून धरला, निशाण हललं, दोर ताणला गेला. खडखड करत ग्लायडर धावलं आणि खडखड एकदम थांबली. मी उचललो गेलो होतो. सवयीनं डोळा वेगाच्या काट्यावर गेला. काटा शून्यावर होता.

मी काचेवर बोट मारलं. काटा हलला नाही. वर चढत असताना विचार करायला फुरसत नसते, आणि ते एका परीनं बरं असतं. दोर सोडून लगेच उतरावं, तर पुढं मैदान उरलेलं नव्हतं. खाली आहाराभोवती बाया दिसत होत्या, त्यांच्या अंगावरून उतरणं शक्य नव्हतं. मी चढत राहिलो. वर गेल्यावर मूठ ओढली, दोर खटकन सुटला, आणि ती शांतता आली जी मला नेहमी आवडायची. त्या दिवशी ती आवडली नाही. शांतता म्हणजे वेग कमी. मी नाक थोडं खाली केलं. तारा शीळ घालायला लागल्या. किती? चाळीस की पन्नास? कालचा रुमाल डोळ्यांपुढं आला. मी डोकं जरा बाजूला काढून कानावर वारा घेतला. गालाला लागणारा वारा, शीळ, हातातल्या दांड्याचा जोर. दांडा सैल लागला की नाक खाली, ताठ लागला की जरा वर. मी काही पाहत नव्हतो. शेतं खालून जात होती, वळणं घेतली ती शेडच्या पत्र्यावरून ओळखून. सगळं अंग कान झालं होतं. उतरताना मुद्दाम जरा वेगात आलो, म्हणून फार पुढं जाऊन टेकलो. चाक लागलं, एक उडी बसली, पुन्हा लागलं, आणि ग्लायडर घसरत जाऊन थांबलं. पंख हळूच एका बाजूला कलला. मी बसून राहिलो.

साहेब पळत आले. त्या वयात ते पळताना मी तेव्हाच पाहिले. मी म्हणालो, “काटा चालला नाही.” ते सरळ पुढं गेले, वाकले, आणि गवताची काडी तोडून नाकाच्या नळीत घातली. काडी लाल होऊन बाहेर आली. हवा आत जायचा रस्ताच बुजला होता, मग काटा कशानं हलणार? तोवर मधुकर आला होता, रहीमभाई आला होता, आणि त्यांच्या मागून लुगड्याचा काठ हातात धरून आत्याबाई. तिनं काडी पाहिली. तिला वाईट वाटू नये म्हणून कोणीतरी काहीतरी थाप मारेल, या आशेनं मी साहेबांकडं पाहिलं.

“म्याच बुजवलं ना ते?” आत्याबाईनं विचारलं.

“हो,” साहेब म्हणाले. “नाक कुठं ते मीच दाखवलं होतं.”

ती खाली, तिथंच ढेकळांत बसली. मग तिनं मला विचारलं, “वरतं भेव लागलं काय तुले?”

“लागलं,” मी म्हणालो. तिच्याशी खोटं बोलायची मला सवय नव्हती.

साहेब दुसरी काडी, तिसरी काडी घालून नळी साफ करत होते. शेवटी त्यांनी नळीत फुंकर मारून पाहिली आणि उठून म्हणाले, “हे उड्डाण मला धरता येणार नाही. किती वेगात गेला, हे त्यालाही माहीत नाही अन् मलाही. धरायचं तर आणखी एकदा जावं लागेल, आणि गोहन यायच्या आत. पण नियम तोच आहे, बाई. तुम्ही म्हणाल तर. नाही म्हणालात तर मला वाईट वाटणार नाही.”

मला वाटलं, संपलं. गावच्या वाटेकडं अजून धूळ नव्हती, पण उन्हाचा रंग बदलला होता. आत्याबाई ढेकूळ हातात घेऊन चुरडत होती. मला म्हणायचं फार होतं. एवढे दिवस कळ काढली, बैलांच्या चालीनं चालणारे शनिवार-रविवार काढले, ते सगळं सांगावंसं वाटत होतं. पण तिनं मला काय काय दिलं होतं त्यापुढं आणखी एक मागायला तोंड नव्हतं.

“परत जाशीन?” तिनं विचारलं.

“जातो.”

“भेव लागलं तरी?”

“हाव.”

ती हात टेकून उठली. लुगडं झटकलं. साहेबांना म्हणाली, “जाऊ द्या. पन ह्या खेपेले तो पंख मी धरतो. मधुकरा, सरक तिकडं.”

मधुकरनं साहेबांकडं पाहिलं. साहेबांनी पंखाचं टोक कसं सैल धरायचं, ग्लायडर निघालं की चार पावलं सोबत धावून कसं सोडायचं, हे तिला दाखवलं, आणि तिनं पदर कमरेला खोचला. दोर ताणला गेला तेव्हा मी डावीकडं पाहिलं. हिरवं लुगडं, पंखाखाली उताणा हात, आणि तिचे ओठ हलत होते. देवाचं नाव घेत होती की मला रागावत होती, सांगता येत नाही. मग पंख तिच्या हातातून सुटला.

या वेळी काटा चालला. चाललाच नाही, तर त्यानं मला छळलं. मी त्याच्यावरून नजर काढू शकलो नाही. तो पुढं गेला की मी दांडा मागं, तो मागं आला की मी दांडा पुढं. ग्लायडर सबंध वेळ होडीसारखं डुलत राहिलं. उतरलो ते वाकडातिकडा, पण उतरलो. साहेब आले, टोपी बगलेत धरून त्यांनी माझा हात हातात घेतला. “धरलं,” म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, “पहिलं जास्त चांगलं होतं. ते मी धरलं नाही, पण पाहिलं.” गावच्या अंगाला धूळ उठली होती. आम्ही सगळ्यांनी मिळून ग्लायडर शेडकडं ढकललं आणि गोहन मोकळ्या रानातून घंटा वाजवत निघून गेलं.

सोमवारी ट्रक आला. पंख काढून, गावातल्या वाकळा गुंडाळून ग्लायडर त्यात भरलं. पुढच्या हंगामाला दुसरं मिळेल असं सगळे म्हणत होते. ते मिळालं नाही. कानडे साहेब मेहकरला राहिले आणि मी संग्रामपूरला गेलो, तिथून आणखी दोन-तीन गावं, आणि नोकरी संपेपर्यंत मुलांना शास्त्र शिकवलं. हवेचा दाब शिकवताना वर्ग जरा लांबायचा. मी ग्लायडरमध्ये पुन्हा कधी बसलो नाही.

पण हे सगळं पुढचं. त्या रविवारी संध्याकाळी मी दमणीत मागं पाय सोडून बसलो होतो. मामाजी हाकत होते, आत्याबाई मधे बसली होती, आणि तिचं बोलणं परत सुरू झालं होतं. रोडगे कसे कच्चे राहिले, कोणाच्या वरणात मीठ नव्हतं, साहेबाचा सदरा कसा इस्त्रीचा. मग मधेच तिनं विचारलं, “काऊन रे रामा, आज वरून आपलं घर दिसलं काय?”

“दिसलं असन.”

“असन म्हंजे? तू पाह्यलं नाही?”

“दुसऱ्या खेपेले काट्याकडंच पाहून राह्यलो होतो.”

“आन् पह्यल्या खेपेले?”

“तवा कान देऊन होतो वाऱ्यावर.”

“दुसरबीडचा रस्ता? मेहकरची टेकडी?”

“नाही पाह्यली.”

तिनं कपाळाला हात लावला. मामाजींच्या पाठीवर टकटक केलं. “आयकलं काय? दोन दोन खेपा वरतं गेला, माहा जीव टांगून ठेवला, आन् पाह्यलं काहीच नाही पोट्ट्यानं.”

मामाजींनी कासरा सैल सोडला. बैलांना घर कळलं होतं.

“मंग अजून एक डाव पाठव,” ते म्हणाले.

“पाठवतो,” आत्याबाई म्हणाली. “पाठवतो तं.”